चोविसावं छिद्र

मी एक जुनी विणायची सुई आहे. मित्रांनो, एवढं ऐकून नाक मुरडलंत ना? सुईची कसली आलीय कहाणी, असंच आलं असणार मनात. येऊ दे. पण एक सांगून ठेवते, मी आयुष्यात एकच स्वेटर विणला आणि तोही अर्धा. बाकीची सगळी वर्षं मी शिक्षक घडवण्याच्या कामात घालवली. तेव्हा नीट बसा आणि ऐका. मधेच कुणी चुळबुळ केलेली मला खपत नाही.

सध्या माझा मुक्काम एका अध्यापक विद्यालयात, संगणकाच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे. अध्यापक विद्यालय म्हणजे उद्याचे शिक्षक जिथे शिकवायला शिकतात ती जागा. खणात माझ्या सोबतीला चार वाळलेली पेनं, एक रबरी शिक्का आणि कसल्यातरी वायरींचा गुंता आहे. माझी कंबर जरा वाकलेली आहे. वयाने नाही हं! ती कामाने वाकली, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या कामाने, ते मला आजही पक्कं आठवतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाची तार सरळ केली, तिचे हातभर नाही पण दीड वीत लांबीचे तुकडे पाडले, एक टोक घासून निमुळतं केलं, दुसऱ्या टोकाला हिरवी टोपी बसवली आणि टोपीवर आठचा आकडा उमटवला. झाले मी तयार. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही तयार झाली. आम्हा सुयांची विक्री जोडीनेच होते. एकटी सुई कोण घेणार?

आम्हाला याच विद्यालयातल्या कारकून बाईंनी विकत घेतलं. कागद कापणं, फायली शिवणं, चिठ्ठ्या चिकटवणं हे त्यांचं काम. कात्री सदा हाताशी असायची, म्हणून शिकणारी मंडळी त्यांना पाठीमागे कात्रीबाई म्हणायची. त्यांच्या कानावर ते आलं होतं. "म्हणू देत की. धार आहे म्हणतात, बोथट तर म्हणत नाहीत," असं म्हणून त्या हसायच्या. दुपारच्या सुट्टीत डबा संपला की त्या आम्हाला पिशवीतून काढायच्या आणि भाच्यासाठी स्वेटर विणायच्या. स्वेटर सुरू केला तेव्हा भाचा रांगत होता. पाठ विणून झाली तोवर तो सायकल चालवायला लागला.

त्याच सुमारास विद्यालयात नव्या प्राचार्या आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. उंचीने त्या लहानखुऱ्याच होत्या, पण एखादी गोष्ट मनात घेतली की तिचा पिच्छा सोडायच्या नाहीत. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "मागच्या वर्षी आपल्याकडून शिकून गेलेल्यांपैकी आज किती जण शिकवताहेत?"

"बरेच," कुणीतरी म्हणालं.

"बरेच म्हणजे किती?"

"बरेच म्हणजे... पुष्कळ."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. कपाटं रजिस्टरांनी ठासून भरली होती, पण त्यांतून एक साधं उत्तर काढायचं म्हटलं तर कात्रीबाईंना तीन आठवडे लागले असते. संगणक तेव्हा इथे नव्हता. मोठ्या बाईंनी पूर्वी एका ग्रंथालयात काम केलं होतं आणि तिथली एक युक्ती त्यांना ठाऊक होती. ती युक्ती म्हणजे छिद्रांची कार्डं.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गंमत यातच आहे. कार्ड जाड कागदाचं, तळहाताहून थोडं मोठं. वरच्या कडेला बारा छिद्रं, खालच्या कडेला बारा. प्रत्येक छिद्र म्हणजे एक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर कात्रीने ते छिद्र कडेपर्यंत कापून उघडं करायचं. 'नाही' असेल तर बंदच ठेवायचं. मग कार्डांचा गठ्ठा एकत्र धरायचा, हव्या त्या छिद्रातून एक सळई आरपार घालायची आणि उचलून हलवायचं. ज्यांचं छिद्र उघडं ती कार्डं खाली पडतात. ज्यांचं बंद ती सळईवर लटकून राहतात. तीन आठवड्यांचं उत्तर एका मिनिटात!

प्रश्न होता सळईचा. छत्रीची काडी घेतली, ती वाकली. झाडूची काडी घेतली, ती मोडली. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. तेव्हा कात्रीबाई गुपचूप उठल्या, आपल्या पिशवीत हात घातला आणि मला स्वेटरातून ओढून काढलं. माझ्यावरचे सगळे टाके घसरले. जुळी बहीण लोकरीत अडकून तशीच राहिली. निरोपसुद्धा घेता आला नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

"अहो, तुमचा स्वेटर!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"भाच्याच्या आता कमरेपर्यंतही पोचत नाही तो. राहू दे," कात्रीबाई म्हणाल्या, आणि मी सरकारी नोकरीत रुजू झाले.

शिकणाऱ्यांना शेजारच्या सरावशाळेत जाऊन खऱ्या मुलांच्या वर्गावर पाठ घ्यावे लागायचे. मागच्या खुर्चीवर एक प्राध्यापक बसून पाठ बघायचे आणि गुण द्यायचे. अशा प्रत्येक पाठाचं एक कार्ड बनू लागलं. अकरावं छिद्र म्हणजे मुलांचे हात भराभर वर आले का? चौदावं म्हणजे मुलांनी आपणहून प्रश्न विचारले का? विसावं म्हणजे गुण निम्म्याहून कमी पडले का? पाठ कोणता होता ते मात्र कार्डाच्या मधोमध पेनाने लिहायचं. तेवीस छिद्रांना अर्थ मिळाले आणि चोविसावं उरलं.

"याचं काय करायचं?" कात्रीबाईंनी विचारलं.

"आज काही सुचत नाहीये. असू दे मोकळं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढे काही विचारावंसं वाटलं तर जागा नको का?"

मला तेव्हा तो सरळ आळस वाटला होता.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. दुसऱ्या विद्यालयांची माणसं मला बघायला यायची. कात्रीबाई मला गठ्ठ्यात घालायच्या, उचलायच्या, आणि कार्डं टपटप पडली की पाहुणे आ वासून बघत राहायचे. मी अगदी हवेत होते. सगळ्यांत खूश होते ते सराव पाठांचे प्रमुख. बावीस वर्षं त्यांनी शिक्षक घडवले होते. कुणाचाही पाठ संपला की ते मागून मोठ्याने "छान!" म्हणायचे, म्हणून त्यांचं नाव पडलं छान सर. माणूस प्रेमळ. अकराव्या छिद्रातून मला घातलं की बहुतेक सगळी कार्डं खाली पडायची, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाठाला मुलांचे हात भराभर वर. छान सरांची छाती फुगायची.

पण मोठ्या बाईंनी आणखी एक काम सुरू केलं होतं. शिकून बाहेर पडलेल्यांना दरवर्षी एक जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड पाठवायचं, अजून शिकवता का आणि कसं चाललंय ते विचारायचं. पहिल्या दोन वर्षांची उत्तरं आली, त्यांचीही छिद्रांची कार्डं झाली आणि मी त्यांच्यातून फिरले. शंभरातल्या चौतीस जणांनी शिकवणं सोडलं होतं. मोठ्या बाईंचा चहा तसाच निवत राहिला. सोडून गेलेल्या कित्येकांनी खाली एकच गोष्ट लिहिली होती. सरावशाळेत मुलं भराभर बोलायची, इथली मुलं बोलतच नाहीत, माझंच काहीतरी चुकतंय.

"हल्लीची मुलंच तशी," छान सर म्हणाले.

मोठ्या बाईंना ते पटलं नाही. पण उत्तरही मिळेना. मग ठरलं की कच्च्या शिक्षकांना आधीच ओळखायचं. निम्म्याहून जास्त पाठांत कमी गुण पडले तर नाव कमी करायचं. ते ओळखण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

त्या वर्षी सव्वीस जण शिकत होते. प्रत्येकाचे बारा पाठ झाले होते, म्हणजे तीनशे बारा कार्डं. मी विसाव्या छिद्रातून फिरले. पंचविसांपैकी कुणाची एक-दोन, कुणाची तीन कार्डं पडली. एकीची मात्र बारापैकी नऊ पडली. तिला सगळे हळूबाई म्हणायचे. बोलणं हळू, चालणं हळू. लग्नानंतर आठ वर्षं तिने घरी शिलाई केली होती. मुलीला सासूबाईंजवळ ठेवून ती रोज दोन बस बदलून यायची. कार्डं पडल्यावर मी स्वतःवरच खूश झाले. काय अचूक काम करते मी! आज ते आठवलं की टोपीपर्यंत लाजेने हिरवी होते. हिरवी मी आधीपासूनच आहे म्हणा, पण समजून घ्या.

शनिवारी अकरा वाजता बैठक ठरली. नाव कमी केल्याचं पत्र कात्रीबाईंनी बुधवारीच टाइप करून ठेवलं. त्याच दुपारी हळूबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, माझं नाव कमी होणार म्हणतात. खरं आहे?"

कात्रीबाईंना खोटं बोलता येत नसे. "शनिवारी ठरेल," त्या म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी मला परत येता यायचं नाही. वयाच्या अटीत बसत नाही मी." ती एक पाऊल आत आली. "माझं काय चुकतं तेवढं सांगाल? दोन दिवस आहेत. सुधारते मी."

कात्रीबाईंनी तिची बारा कार्डं काढली. उलटीसुलटी करून पाहिली. ती नापास आहे हे कार्डावर होतं. का नापास आहे, ते कुठल्याच छिद्रात नव्हतं. कात्रीबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी पहिल्यांदाच मधोमध लिहिलेलं वाचायला सुरुवात केली. सावली कशी पडते. तराजू. आपल्या गल्लीचा नकाशा. बी रुजताना.

"अगं, हे पाठ माझ्या हाताने मी एकेकदाच लिहिलेत," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचे तर लिहून लिहून बोटांना पाठ झालेत. पाण्याची तीन रूपं, पाण्याची तीन रूपं! तू हे कुठून आणलेस?"

"कुठून म्हणजे? वर्गात जाऊन मुलांना विचारलं, पुढचा धडा कोणता? तोच घेतला."

"टाचण कुणाकडून नाही आणलंस?"

"टाचण आणायचं असतं?" हळूबाईने विचारलं.

टाचण म्हणजे पाठ कसा घ्यायचा याचा लिहून काढलेला आराखडा. तो ज्याचा त्याने करायचा असतो. पण वसतिगृहात एक रीत होती. दरवर्षी जाणारे लोक येणाऱ्यांच्या हातात आपली चांगले गुण मिळवलेली टाचणं ठेवून जायचे, वर तक्त्यांची गुंडाळीही द्यायचे. दहा-बारा हमखास पाठ होते, तेच सगळे घ्यायचे. त्यात कुणाला लबाडी वाटत नसे, उलट थोरल्यांची माया वाटायची. हळूबाई बसने येऊन बसने जाणारी. वसतिगृहाची माया तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

कात्रीबाई तशाच उठल्या आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या हातातच होते.

"मॅडम, चोविसावं छिद्र मला द्या."

"कशासाठी?"

"हा पाठ याच वर्गाने यंदा आधी ऐकलाय का, एवढंच विचारायचंय."

मोठ्या बाई म्हणाल्या, "दार लावून घ्या. आणि छान सरांना बोलवा. पाठ बघताना प्राध्यापक ज्या वह्यांत लिहितात, ते अक्षर त्यांनाच लागतं."

छान सर आले आणि ऐकून तडकले. "पाठ चांगला असेल तर पुन्हा घेतला म्हणून काय आभाळ कोसळलं?"

"नसेलही कोसळलं. तसं असेल तर कार्डंच सांगतील. बसा, तुम्ही वह्या वाचा, मी कार्डांशी ताडून बघते."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. छान सर घसा बसेपर्यंत पाठांची नावं वाचत होते, मोठ्या बाई वर्ग आणि तारखा ताडत होत्या, कात्रीबाई कापत होत्या. पहिल्या दिवशी छान सर तणतणत वाचत होते. दुसऱ्या दिवशी ते नुसतेच वाचत होते.

शनिवारी शेवटचं छिद्र कापलं तेव्हा साडेदहा वाजले होते. एरवी मला शंभराच्या गठ्ठ्यात घालायचे. त्या दिवशी वेळ नव्हता. कात्रीबाईंनी तीनशे बारा कार्डं एकदम धरली, चोविसाव्या छिद्रातून मला रेटलं आणि उचललं. आई गं! माझ्या कमरेत कळ आली आणि मी वाकले. पण मनाशी म्हटलं, मोडायचं नाही. याच हातांनी त्या बाईची नऊ कार्डं पाडलीत, आता निस्तरायचंही आपणच. मला हात नाहीत हे मला माहीत आहे. त्या वेळी सुचलं तसं म्हटलं.

कार्डं पडायला लागली ती थांबेचनात. टेबल भरलं, काही जमिनीवर गेली. दोनशे एकाहत्तर पाठ मुलांनी आधीच ऐकलेले होते. माझ्यावर उरली एक्केचाळीस कार्डं, आणि त्यांत हळूबाईची बाराच्या बारा होती.

"आता चौदावं," मोठ्या बाई म्हणाल्या. मुलांनी आपणहून प्रश्न विचारले का, ते छिद्र. आधी पडलेल्या दोनशे एकाहत्तरांतून मी फिरले. एकही कार्ड पडलं नाही. मग एक्केचाळिसांतून फिरले. नऊ पडली. कात्रीबाईंनी ती उचलून एकेक नाव वाचलं. नवातली सात हळूबाईची होती.

मग छान सर उठले. "पुठ्ठ्याचे तुकडे आहेत हे. मी वर्ग बघितल्याशिवाय मानणार नाही," ते म्हणाले, आणि पाण्याच्या तक्त्याची गुंडाळी बगलेत मारून सरावशाळेकडे निघाले. मोठ्या बाई मागोमाग गेल्या. कात्रीबाईंनी सवयीने मला अंबाड्यात खोचलं आणि त्याही धावल्या. म्हणून पुढचं मला दिसलं.

पाचवी ब. छान सरांनी तक्ता अजून उलगडलाही नव्हता, तोच दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, बर्फ, पाणी, वाफ!"

"मी अजून काही विचारलं नाही, बाळ."

"मग विचारा ना. नंतर तुम्ही शाब्बास म्हणायचं आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या."

"कितव्यांदा होतोय हा पाठ?" छान सरांचा आवाज एकदम खाली आला.

"विसाव्यांदा," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. "तिकडे मोजून ठेवलंय."

मुलांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. खिडकीखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. पाच-पाचांचे तीन जुडगे आणि वर चार. एकोणीस. त्या रेघांच्या अगदी पुढे पाठ बघणाऱ्या प्राध्यापकांची खुर्ची होती. वर्षभर छान सर त्या रेघांकडे पाठ करून बसले होते आणि छान, छान म्हणत होते.

छान सरांनी तक्ता गुंडाळून ठेवला. "पुढचा धडा कोणता?" त्यांनी विचारलं. मुलांनी सांगितला. त्यांनी तो तिथल्या तिथे घेतला, कसलंही टाचण नसताना. मित्रांनो, माझ्याने बघवेना. ते प्रश्न विचारायचे आणि हात वर येत नसे. दुसरा प्रश्न घाईने विचारायचे, तिसरा विचारायचे, शेवटी उत्तर स्वतःच द्यायचे. कपाळावरून घाम ओघळत होता. पण त्यांनी पाठ अर्ध्यात सोडला नाही. घंटा होईपर्यंत घेतला.

ऑफिसात परतल्यावर त्यांनी एक कोरं कार्ड मागून घेतलं. मधोमध धड्याचं नाव लिहिलं, शिक्षकाच्या जागी स्वतःचं.

"ताई, विसावं छिद्र कापा."

"सर, तुमच्या कार्डाला? कमी गुण?"

"कमीच पडलेत. कापा म्हणतो ना."

कात्रीबाईंची कात्री पहिल्यांदाच अडखळली. पण त्यांनी कापलं.

बैठक उशिराने सुरू झाली तेव्हा हळूबाई बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत बोलावलं. ती नमस्कार करून उभी राहिली आणि नाव कमी झाल्याचं ऐकायची वाट बघू लागली. छान सर खुर्चीतून उठले.

"मुलं तुम्हाला प्रश्न विचारतात. मला नाही विचारले. कसं जमवता तुम्ही?"

हळूबाईला वाटलं सर चेष्टा करताहेत. "मी काही करत नाही, सर. विचारलं की थांबते. मुलांना वेळ लागतो. आपण गप्प राहिलो की त्यांनाच काहीतरी सुचतं." मग मान खाली घालून म्हणाली, "सगळे म्हणतात मी हळू आहे. तेच चुकत असेल."

"ते चुकत नव्हतं. आमचं मोजणं चुकत होतं. तुम्हाला मी गुण दिले, आणि ते चुकीचे दिले," छान सर म्हणाले.

हळूबाईचं नाव राहिलं. बुधवारी टाइप केलेल्या त्या पत्राच्या कात्रीबाईंनी सरळ पट्ट्या कापल्या आणि गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या म्हणून चिकटवून टाकल्या.

सगळं लगेच गोड झालं असं समजू नका. जुनी टाचणं आणि तक्ते कपाटात कुलूपबंद झाले तेव्हा वसतिगृहाने महिनाभर तोंड वाकडं केलं. सरावाला एका शाळेऐवजी चार शाळा घेतल्या, तर गुण धाडकन खाली आले. वरून विचारणा झाली की तुमचं विद्यालय बुडतंय का? मोठ्या बाईंनी उलट कळवलं, "यंदाचे गुण खरे आहेत. मागचे नव्हते." छान सर दर आठवड्याला स्वतः एक नवा पाठ घेऊ लागले आणि सगळ्यांना तो मागे बसून बघायला लावू लागले. तिसऱ्या वर्षी जोडकार्डांतून मला फिरवलं तेव्हा शिकवणं सोडणारे चौतिसांवरून एकोणिसांवर आले होते. एकोणीससुद्धा पुष्कळच, असं म्हणून मोठ्या बाई पुन्हा कामाला लागल्या. हळूबाईचं कार्ड दरवर्षी यायचं, 'अजून शिकवते आहे' एवढंच लिहिलेलं. ते छिद्र कापताना कात्रीबाई गुणगुणायच्या.

मग संगणक आला. कार्डांवरचं सगळं त्याच्यात भरलं आणि कार्डं रद्दीत गेली. मला राग आला का? आला तर! जे मी मिनिटात करायचे ते तो डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो, आणि त्याची कंबरही वाकत नाही. मोठ्या बाई गेल्या, छान सर गेले. कात्रीबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला हातात घेतलं, वाकलेल्या जागी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुला घरी नेलं तर इथे कोण राहील?" माझी जुळी बहीण त्यांच्या गच्चीत मिरचीच्या रोपाला टेकू देते, असं कळलं. ती तरी उन्हात आहे. मी खणात गेले. मधूनमधून छपाईच्या यंत्रात अडकलेला कागद कोचून काढायला मला बाहेर काढायचे. तेवढाच काय तो मान.

गेल्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. सराव पाठांच्या आताच्या प्रमुख बाई संगणकाशी आल्या. केस पिकलेले, चाल हळू. आवाज ऐकला आणि मी खणात ताठ झाले, जमेल तेवढी. ती हळूबाई होती. संगणकाचं काम बघणाऱ्या बाई तिला नवा नमुना दाखवत होत्या, साठ रकान्यांचा.

"यात मोकळा रकाना कुठे आहे?" हळूबाईने विचारलं.

"मोकळा कशाला, मॅडम? विचारायचं ते सगळं आलंय की यात."

हळूबाईने खण उघडला, वायरींच्या गुंत्यातून मला सोडवलं आणि टेबलावर ठेवलं. मग ती नुसती थांबली. एक मिनिट गेलं, दोन गेली. समोरच्या बाई अवघडल्या, घड्याळाकडे बघून झालं, पडद्याकडे बघून झालं. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ही सुई कसली? आणि अशी वाकलीय कशाने?"

हळूबाई हसली, खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली.

मित्रांनो, म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, माणसांची मोजमापं घ्याल, कोण हुशार आणि कोण कच्चा ते ठरवाल. खुशाल ठरवा, मोजल्याशिवाय चालत नाही. पण जो खाली पडला त्याच्या कार्डावर मधोमध काय लिहिलंय ते एकदा वाचा. आणि जे विचारायचं तुम्हाला अजून सुचलेलं नाही, त्याच्यासाठी एक जागा मोकळी ठेवा. मला पुसून ठेवलंत तरी चालेल, गंज लागू दिलात तरी मी समजून घेईन, ती जागा मात्र भरून टाकू नका. त्या नमुन्यात आता एकसष्ट रकाने आहेत, आणि एकसष्टावा कोरा आहे.